शिदाची पुंगळी

१

आमच्या रिसाल्यात कुणाचा पाय मोडला तर आम्ही हसायचो, घोडा आजारी पडला तर रडायचो, पण झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी हरवली तर हसणं-रडणं दोन्ही बंद. पितळेची पुंगळी ती, करंगळीच्या पेराएवढी. बुडाशी कडा इतकी पातळ की नखाला जेमतेम लागायची. बाजारात नेली तर तिच्या बदल्यात कुणी मुळ्याचा पालाही देणार नाही. पण ती सम्राटांची! गोळी शत्रूची, पुंगळी सम्राटांची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असायचं.

मी हवालदार ओइकावा. मोरिओकाच्या घोडदळाच्या छावणीत माझ्या हाताखाली एक खोलीभर माणसं होती आणि माझ्या तोंडाला विश्रांती नव्हती. माझी बायको म्हणायची, तुम्ही लढाईतून जिवंत परत आलात कारण रशियन लोक तुमची बडबड ऐकूनच पळाले. असो. तर साध्या स्वारांना बंदूक मिळायची आणि आम्हा हवालदार-नाईकांना पिस्तूल. त्या पिस्तुलाची एक खोड होती. गोळ्या झाडून झाल्या की ते मधोमध मोडून उघडायचं, आणि उघडलं रे उघडलं की आतल्या सगळ्या पुंगळ्या फटकन बाहेर उडायच्या. म्हणून डाव्या हातात टोपी उलटी धरायची आणि पिस्तूल तिच्यावर उघडायचं. एवढं साधं काम. शेंबडं पोरही करील.

आमच्या नाईक ओनोदेराला त्या दिवशी ते जमलं नाही.

ओनोदेरा म्हणजे खोलीतला सगळ्यात उंच गडी. दारातून येताना वाकायचा, आणि कुठे वाकायचं नेमकं विसरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लग्नाच्या रजेवर निघणार होता. इवाते डोंगराच्या उतारावर आमचं नेमबाजीचं मैदान. शरदातलं स्वच्छ ऊन, लाल चतुर उडतायत, आणि मागे बसलेली आमची टवाळ मंडळी त्याला सोडायला तयार नाहीत.

“नाईकसाहेब, निशाण्याकडे बघा, सासुरवाडी त्या बाजूला नाही!”

“हात का थरथरतोय? आत्तापासूनच?”

बिचारा कानापर्यंत लाल झाला. हसत हसत मागे वळला, काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तोंडाबरोबर पिस्तूलही उघडलं. टोपी डोक्यावरच होती. पुंगळ्या उडाल्या त्या थेट गवतात.

सगळ्यांनी हसून घेतलं. मग गोळा केल्या. मग कोठाराचा हवालदार हताकेयामा आपली लाकडी पेटी घेऊन आला, एकेक पुंगळी आत टाकत गेला, आणि शेवटी मान वर करून म्हणाला, “एक कमी आहे.”

हसू बंद.

२

“सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही,” हताकेयामा म्हणाला. “आणि रजा तर विसराच.”

तो वाईट माणूस नव्हता. नियमच तसा होता. कॅप्टनसाहेबही आडवे आले नसते. ओनोदेरा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच ती पुंगळी गिळली आहे.

“हवालदारसाहेब, माझं लग्न!”

“तुझं लग्न गवतात पडलंय. गुडघे टेक आणि शोध.”

आम्ही सगळे रांगेत गुडघ्यांवर बसलो आणि गवताची पाती बोटांनी बाजूला करत पुढे सरकू लागलो. कुणीतरी भात लावणीचं गाणं म्हणायला लागलं, बाकीच्यांनी साथ धरली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय मजेत काम चाललंय. मजा होतीच, खोटं कशाला बोलू. फक्त ओनोदेरा गात नव्हता. त्याचं लग्न आधी दोनदा पुढे गेलं होतं. एकदा सरावाच्या मोहिमेमुळे, एकदा घोड्यांत साथ आली म्हणून. मुलीचा बाप याएगाशी बाबा, मोठा खमक्या माणूस. त्याने निरोप पाठवला होता, की तिसऱ्यांदा नवरा आला नाही तर मुलगी मिसो विकणाऱ्या दुकानदाराच्या मुलाला देईन. तो निदान घरी तरी असतो.

दुपार झाली. पुंगळी काही सापडेना.

आता फौजेत राहिलेल्या कुणालाही विचारा, अशा वेळी काय करतात ते. शोधत बसत नाहीत. जुळवतात. चमचा हरवला तर शेजारच्या खोलीतला चमचा आपल्या खोलीत येतो. शेजारचे मग त्यांच्या शेजारच्यांकडे जातात. चमच्यांचा असा सगळ्या छावणीभर प्रवास चालू असतो, आणि ज्या दिवशी तपासणी त्या दिवशी तुमच्याकडे आकडा बरोबर असला की झालं. वस्तू तीच आहे का, हे कुणी विचारत नाही. आकडा जुळला पाहिजे. आम्ही त्याला जुळवणी म्हणायचो आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

पण चमचा वेगळा आणि पुंगळी वेगळी. जादा पुंगळी आणायची कुठून?

तेवढ्यात मला मैदानाच्या कडेचं घर दिसलं. गवती छपराचं, अंगणात पर्सिमनचं झाड, फळांनी लाल झालेलं. तिथं शिदाची आई राहायची. शिदा आमच्याच रिसाल्यातला नाईक. मांचुरियात मी नवा भरती झालेला पोरगा होतो तेव्हा तो आमचा नाईक होता. बुटका, म्हणून रांगेत कायम शेवटी. पण त्याचा त्याला भारी अभिमान. “शेवटचा आकडा माझा,” म्हणायचा, “मी बोललो की मगच रांग पुरी होते.” तो तिथंच लढाईत कामी आला. त्याच्या मुठीत झाडलेल्या गोळीची एक पुंगळी सापडली. लढाईच्या धामधुमीत तेवढं कोण मोजतं, कुणीतरी ती त्याच्या टोपीबरोबर घरी पाठवून दिली. तेव्हापासून ती त्याच्या आईच्या देवघरात, त्याच्या नावाच्या पाटीसमोर असायची. मी कितीदा पाहिली होती.

मी ओनोदेराचं मनगट धरलं आणि त्याला तिकडे ओढलं.

३

चोरायची नव्हती हं. सरळ मागितली. शिदाच्या आईने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली.

“घेऊन जा रे बाबांनो. लग्नाच्या कामाला येतेय तर अजून काय पाहिजे! त्याचंही ठरतच आलं होतं तेव्हा.” ती देवघराजवळ गेली, हात जोडले आणि पाटीकडे बघून म्हणाली, “जा, तुझीच माणसं आहेत. मोजणीत उभं राहायला तुला आवडायचंच.” मग पुंगळी ओनोदेराच्या हातावर ठेवली. “पण मोजून झालं की परत आणा. त्याला दुसरीकडे करमत नाही.”

“आणतो आई,” ओनोदेरा म्हणाला. तो रडायच्या बेतात होता. तिने आम्हा दोघांच्या खिशांत पर्सिमन कोंबले.

हताकेयामाला मी सांगितलं, सापडली एकदाची, उंदराच्या बिळात गेली होती. त्याने पुंगळी घेतली. इतकी वर्षं उदबत्तीच्या धुरात राहिलेली वस्तू, काळवंडलेली असणार, वासही उदबत्तीचाच येणार. हताकेयामा प्रत्येक पुंगळी हुंगायचा, ती त्याची सवय होती.

त्याने हुंगली. भुवया वर गेल्या.

“गरम आहे की रे अजून,” तो म्हणाला. “आणि दारूचा वास बघ कसा ताजा. जणू आत्ताच झाडलीय.”

“उन्हात पडली होती,” मी म्हणालो.

“बिळात होती म्हणालास ना?”

“बिळातही ऊन जातं. शरद ऋतू आहे.”

काय बोललो ते मलाच कळलं नाही, पण हताकेयामाला भूक लागली होती. त्याने ती पेटीत टाकली. खळ्ळ आवाज झाला. आकडा जुळला. ओनोदेराने सगळ्यांसमोर मला उचलून गरकन फिरवलं आणि मंडळींनी टाळ्या पिटल्या. ओनोदेराच्या खिशातून आणली म्हणून गरम असेल, मी मनाशी म्हटलं. अंगाची ऊब लागतेच. वासाचं मात्र मला काही सुचलं नाही, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत हजेरी. मी समोर उभा, माझी माणसं उंचीप्रमाणे रांगेत. ओनोदेरा पहिला, नवी बूटपॉलिश, तोंडावर हसू मावत नाही. मोजणीचा हुकूम दिला की पहिल्याने एक ओरडायचं, दुसऱ्याने दोन, असं शेवटपर्यंत. शेवटी कोमुकाई नावाचा बारक्या आवाजाचा स्वार होता. त्याचा आकडा एकोणीस.

“एक!” ओनोदेरा गरजला. दोन, तीन, चार, धडाधड. “एकोणीस!” कोमुकाई किंचाळला.

“वीस.”

आवाज मोठा नव्हता. जरा बसलेला, पण नेटका. शेवटच्या आकड्याला एक झटका दिलेला.

सगळे हसले. मीही हसलो. “कोण रे तो वात्रट? लग्न ओनोदेराचं आहे, तुला कसला उत्साह?” कुणी कबूल होईना. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा वीस. मी रांगेसमोरून चालत गेलो, एकेका चेहऱ्यापुढे बोट नाचवत. एकोणीस चेहरे. कोमुकाईच्या पलीकडे भिंत होती, खिडकी होती, खुंटीवर टांगलेला टॉवेल होता.

“कोमुकाई, दोन आवाजांत बोलतोस का?”

“नाही हो हवालदारसाहेब! मला वाटलं, तुम्हीच मागून बोललात.”

ओनोदेराला उशीर होत होता. आम्ही त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो, पोरांनी टोप्या उडवल्या आणि तो लांब ढांगा टाकत निघून गेला. कोपऱ्यावर एका फांदीला डोकं आपटून घेतलं, तेही सगळ्यांनी पाहिलं.

त्याच्या जाण्याने माणसं अठरा राहायला हवी होती. संध्याकाळच्या हजेरीला डोळ्यांनी अठरा मोजली. कानांनी एकोणीस.

आता मी असा विचार केला. खोली लाकडी आहे, आवाज भिंतीवरून परततो. ओनोदेरासारखा धिप्पाड माणूस गेल्यावर खोली रिकामी वाटते, तेव्हा आवाज जास्तच घुमणार. चांगला विचार होता. आकडा घुमून पुढचा कसा होतो, एवढंच त्यात बसत नव्हतं.

पोरांनी मात्र त्याची मजा करून टाकली. त्याला ‘पाहुणा’ म्हणायला लागले. भात वाढणारा एक वाटी जादा भरायचा आणि कोमुकाईच्या शेजारी ठेवायचा. जेवण आटोपलं की वाटी रिकामी. “कोण हादडतंय रे?” म्हणून एकमेकांच्या पोटात कोपरं मारायची. सकाळी तबेल्यात गेलो तर ओनोदेराची घोडी, कोहारू, आधीच खरारा करून चकाचक. शेपटीत एक गाठ नाही. “पाहुणा कामाचा आहे,” पोरं म्हणाली, “त्याला आमचाही घोडा द्या!”

मी हसलो. पण कोहारूच्या मानेवर हात ठेवला, तर ती घामाने निथळत होती. थंडी पडायला लागली होती आणि तिला कुणी बाहेर काढलंही नव्हतं. ती हलत नव्हती. तिला हलायला कुणी मनाई केली आहे असं वाटत होतं.

त्या झटक्याचा आवाज मी कुठे ऐकला होता, ते मला त्याच वेळी आठवलं. मांचुरियात, रांगेच्या शेवटी. आठवून उपयोग काय? मी कोठाराकडे धावलो.

“हताकेयामा, त्या दिवशीची पेटी कुठाय?”

“गेली की. वरून गाडी आली होती. पितळ वितळवायला पाठवतात. का?”

“काही नाही,” मी म्हणालो.

शिदाच्या आईकडे जाऊन मी जमिनीला कपाळ टेकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती पर्सिमन सोलून वाळायला दोरीवर बांधत होती.

“गेली? बरं. मग तो तिथंच राहील आता थोडे दिवस,” ती म्हणाली. “पोटभर वाढा त्याला. आणि उगाच भिऊ नका रे, स्वभावाने गरीब आहे. फक्त एकदा रांगेत उभा राहिला की हटत नाही, लहानपणापासूनचं आहे ते.”

५

रजा संपायच्या दिवशी सकाळी मी तबेल्यात शिरलो तर कोहारूच्या पलीकडे कुणीतरी पाठमोरं खरारा करत होतं.

“कोण?”

“मीच हवालदारसाहेब.” ओनोदेराचा आवाज.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. “आलास? अरे, एवढ्या पहाटे? नव्या नवरीला झोपवून पळालास की काय? कसं झालं लग्न?”

“छान झालं.”

“सासरेबुवा?”

“छान आहेत.”

“आणि जेवण?”

“तेही छान.”

एरवी या माणसाला एका बटाट्याची गोष्ट सांगायला अर्धा तास लागायचा. मी म्हटलं, लाजतोय. नवा नवरा आहे, चालायचंच. हजेरीला तो आला तेव्हा टोपी डोळ्यांवर ओढलेली, आणि सरळ जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला, कोमुकाईच्या पलीकडे. पोरं खिदळली, “लग्नाने उंची घटली काय नाईकसाहेब?” मोजणी झाली. कोमुकाई अठरा. त्याच्या पुढे “एकोणीस.” आणि मग शांतता. पुढे कुणी नाही.

आकडा जुळला होता! काय सांगू तुम्हाला, इतक्या दिवसांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. पाहुणा गेला, आमचा माणूस परत आला, सगळं जिथल्या तिथं. त्या दिवशी पाळीवर असलेल्या अधिकाऱ्याने वहीत खूण केली आणि तो पुढच्या खोलीत गेला. मी इतका खूश होतो, की पहिल्या जागेचा माणूस शेवटी का उभा आहे हे मी विचारलंच नाही. फौजी डोकं ते. आकडा बरोबर असला की आत बघायचं नसतं.

दोन दिवस असेच गेले. ओनोदेरा काम करायचा, कमी बोलायचा, बहुतेक वेळ तबेल्यात असायचा. कोहारू वाळत चालली होती.

रविवारी दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला बोलावणं पाठवलं. फाटकाबाहेर एक म्हातारा उभा होता. खांद्यावर गाठोडं, पायात गवती चपला, चेहरा उन्हाने तांबूस.

“हवालदार ओइकावा तुम्हीच? मी याएगाशी. ओनोदेराचा सासरा.” त्याने इतकं खाली वाकून नमस्कार केला की गाठोडं डोक्यावरून पुढे आलं. “लग्नाचा लाल भात आणलाय तुमच्यासाठी. आधी खा आणि मग रागवा.”

“रागवू कशाला बाबा?”

“अहो, तुमचा माणूस अजून माझ्याकडेच आहे ना! लग्नाच्या रात्री आनंदाच्या भरात साके दारूचं पिंप डोक्यावर घेऊन नाचला. नाचला तो नाचला, आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून पायरीवरून खाली आला. घोटा हा एवढा सुजलाय. दोन दिवस झाले, लहान पोरासारखा रडतोय, म्हणतो मला पळपुटा ठरवतील, तुरुंगात घालतील. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून आज मीच चालत आलो. तुम्ही कॅप्टनसाहेबांना सांगा हो. पोराची काही चूक नाही. चूक सगळी पिंपाची.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तोंडात शब्दच येईना. माझ्या तोंडात! पहारेकरी आश्चर्याने माझ्याकडे बघायला लागला.

“तो तुमच्या घरी आहे,” मी शेवटी म्हणालो.

“अंथरुणात आहे. मुलगी पायाला गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतेय. जोडी काय शोभतेय म्हणून सांगू!”

“बाबा, इथंच बसा. मी आलो.”

६

तबेला लांबलचक आहे. दुपारी वरच्या झरोक्यांतून ऊन खाली पडतं, धूळ तरंगत असते, घोडे पेंढा चावतात तो आवाज एरवी मला फार आवडतो. त्या दिवशी एकही घोडा चावत नव्हता. खराऱ्याचा आवाज मात्र येत होता. खर्र, खर्र, एका लयीत.

मी मनाशी म्हणत होतो, म्हाताऱ्याचं काहीतरी चुकतंय. दुसरा जावई असेल. मग म्हणालो, ओनोदेरा लंगडत परत आला असेल आणि सासऱ्याला कळलंच नसेल. दोन्ही विचार कोहारूच्या ठाणापर्यंत टिकले.

तो पाठमोरा होता. हे दोन दिवस मी त्याला पहाटेच्या अंधुक उजेडात नाहीतर दिव्याच्या सावलीत पाहिलं होतं. आता त्याच्यावर सरळ ऊन पडलं होतं. आम्ही सगळे खाकी घालायचो. त्याच्या अंगावरची बाही गडद निळी होती. मांचुरियात गेलो तेव्हा होती तशी. आणि घोडीच्या पाठीपर्यंत हात पोचवायला तो टाचा उंचावत होता.

खरं सांगतो, मी घाबरलो. पण त्याचबरोबर मला त्याचं वाईटही वाटलं. तो किती मन लावून काम करत होता!

“ओनोदेरा,” मी म्हणालो. दुसरं नाव उच्चारायची माझी हिंमत नव्हती. “फाटकावर याएगाशी बाबा आलेत.”

“ठाऊक आहे.” खर्र, खर्र. “पाय दुखतोय ना त्यांच्या जावयाचा?”

“हो.”

“मग सांगा त्याला, सावकाश ये म्हणावं. घाई काय आहे? इथं मी आहे ना. आकडा तर बरोबर आहे.” आवाज ओनोदेराचाच होता, अगदी त्याच्या हसण्यासकट, फक्त शेवटच्या शब्दाला झटका होता. “बरा झाला तरी राहू दे त्याला तिकडे. नाहीतर पुन्हा एक जादा होईल, आणि तुम्हाला त्रास.”

आणि लाज वाटते सांगायला, मला ते क्षणभर पटलं. तक्रार कसली? ओनोदेराला तुरुंग नाही, कॅप्टनसाहेबांना कटकट नाही, हजेरी बरोबर. जुळवणीत माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि इथं तर सगळं आपोआप जुळलेलं होतं.

त्याने खरारा थांबवला आणि चेहरा अर्धा माझ्याकडे फिरवला. कपाळ, गाल, कान, सगळं ओनोदेराचं. उरलेला अर्धा त्याने फिरवला नाही. मीही आग्रह केला नाही.

“एवढं मात्र सांगा हवालदारसाहेब,” तो लाजत लाजत म्हणाला. “माझ्या बायकोचं नाव काय?”

नाव मला ठाऊक होतं. ओनोदेराने ते एकट्या मला सांगितलं होतं, कारण पोरांना कळलं असतं तर त्यांनी त्यावर गाणी रचली असती. जिभेच्या टोकावर होतं. आयुष्यात मी तोंडाला कधी लगाम घातला नव्हता. त्या दिवशी दोन्ही हातांनी तोंड दाबून, पाठ न फिरवता, उलटा चालत मी तबेल्याच्या दारापर्यंत आलो, आणि मग फाटकापर्यंत असा धावलो की पहारेकऱ्याने बंदूक सावरली.

“बाबा, आत्ताच्या आत्ता परत जा. गाडी करा, घोडा करा, नाहीतर पाठुंगळीला मारून आणा, पण ओनोदेराला आज संध्याकाळच्या हजेरीला रांगेत आणून उभा करा. पहिल्या जागेवर. तुरुंगाचं मी बघतो.”

“अहो पण भात तरी खा!” म्हातारा म्हणत राहिला.

आणलं बरं का त्याने. शेजाऱ्याच्या मुळ्याच्या गाडीत घालून आणलं. मी आणि बाबांनी दोन बाजूंनी धरून ओनोदेराला पहिल्या जागी उभं केलं. पाय सुजलेला, कपाळावर टेंगूळ, अंगाला साकेचा आणि मुळ्याचा वास, डोळ्यांत पाणी. “एक!” तो ओरडला, आणि त्या आवाजाने माझेही डोळे भरून आले. मोजणी पुढे सरकली. कोमुकाई एकोणीस म्हणाला. त्यानंतर सगळी खोली श्वास रोखून थांबली. खुंटीवरचा टॉवेल तेवढा हलला. कुणी काही बोललं नाही.

ओनोदेराला आता चार मुलं आहेत. चारही उंच, चारही धडपडी. त्याची बायको माझ्या बायकोची मैत्रीण आहे, आमच्याकडे येते, लोणची देते, माझ्या बडबडीला हसते. मी तिला वहिनी म्हणतो. नुसतं वहिनी. लोक मला विचारतात, तुम्ही तिचं नाव का घेत नाही? तुम्हीही मघापासून तोच विचार करत असाल. राग मानू नका. तुम्ही सगळी भली माणसं आहात, चहा पिऊन माझी गोष्ट निमूट ऐकलीत. पण तुमच्यात सगळ्यात शेवटी बसलेला तो कोण आहे, ते मला इथून नीट दिसत नाही.